यादीतलं सहावं नाव

आधीच सांगते, माझ्या दाराला आजवर लिंबू-मिरची टांगलेली नाही. लिंबू सरबतात आणि मिरची फोडणीत, अशी माझ्या घरची व्यवस्था आहे. छत्तीस वर्षं नगरच्या एका शाळेत फिजिक्स शिकवलं. वर्गात कुणी "बाई, आमच्या विहिरीवर हडळ हाय" म्हणालं की मी विचारायचे, "वजन किती तिचं?" अशा बाईने न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात लिहावं हे मलाच पटत नाही. पण टोरांटोच्या माझ्या नातवंडांनी, ईरा आणि नीलने, पिच्छा पुरवला. शिवाय नीलचा आरोप आहे की "आजी, तू फोनवर दर वेळी वेगळं सांगतेस." मी वेगळं सांगत नाही. तो अर्धं ऐकतो. म्हणून एकदाच, क्रमाने लिहिते आहे. इतर वाचकांनीही वाचावं आणि कारण सापडलं तर जरूर कळवावं. फक्त उत्तरात 'आत्मा' हा शब्द नको... त्याला एकक नाही.

तर जागा केडगाव. मी राहते तिथून दहा मिनिटांवर, गावठाणातल्या गल्लीत राशिदची बेकरी आहे. राशिद माझा विद्यार्थी, आता पन्नाशी ओलांडलेला. दगडी भिंती, वर पत्रा, आत त्याच्या वडिलांनी बांधलेली लाकडावरची भट्टी. पुढे काउंटर, आणि बेकरीच्या मागे घर. मी काउंटरच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

दर बुधवारी राशिद स्वतः मला खारी आणून देतो. माझ्या दाराला तीन पायऱ्या आहेत. मागच्या हिवाळ्यात एका बुधवारी तो दुसऱ्याच पायरीवर थांबला आणि कठडा धरून खोकत राहिला. मी सवयीने घड्याळ पाहिलं. चार मिनिटं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काय न्हाई बाई. थंडी हाय."

"राशिद, वर्गात खोटं बोलताना तू कानाची पाळी ओढायचास. आत्ताही ओढतोयस."

मग निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, छातीत धूर बसलाय. एक तर बेकरीतला धूर बाहेर काढा, नाहीतर भट्टी सोडा. तिसरा रस्ता नाही.

"भट्टी सोडून काय करू बाई? दुसरं येतंय काय मला? फिजिक्स तर तुमी इतकं शिकवूनबी आलं न्हाई."

ते मात्र खरं होतं.

धूर बाहेर काढायचा कसा, यावर तोवर तीन विद्वानांनी मतं दिली होती. पत्र्याचं काम करणारा म्हणे धुराडं दहा फूट वाढवा. पंखेवाला म्हणे दोन पंखे बसवा. राशिदचा मेहुणा म्हणे पत्राच कापून टाका. तिघंही छातीठोक. मोजमाप एकाकडेही नाही! मला अशा माणसांचा फार राग येतो.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी मृदुला दोन वर्षांपासून माझ्याकडे राहते आणि पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. हवा, पाणी, धूर कुठून कसे वाहतील ते संगणकावर आधीच वाहवून बघायचं, हे तिचं काम. मी तिला म्हटलं, "गाड्यांच्या टपावरून हवा सोडतेस ना दिवसभर? जरा राशिदच्या बेकरीतून सोड." तिने स्वतःचा जुना लॅपटॉप काढला, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घातलं आणि राशिदकडून मापं मागवली. ती आली खोक्याच्या पुठ्ठ्यावर, तेलाच्या डागांसकट.

आता हे काम कसं चालतं ते थोडक्यात. संगणकाला खोली माहीत नसते. आधी आतली हवा लाखो बारीक खोक्यांत कापून द्यायची. मग प्रत्येक कडेचा स्वभाव सांगायचा. ही भिंत, हिच्यातून काही जाणार नाही आणि हिला टेकलेली हवा जागची हलणार नाही. हे दार, इथे बाहेरच्यासारखाच दाब, हवेला येऊ दे-जाऊ दे. ही भट्टी, इतकी गरम आणि इतका धूर सोडणारी. मृदुला याला बाउंडरी कंडिशन्स म्हणते. मी म्हणते, ही लग्नाची तयारी. कोण कुठून येणार, कोण कुठून जाणार आणि कोण जागचं हलणार नाही हे आधी ठरलं नाही, तर मांडवात गोंधळ.

मृदुलाने पाच नावांची यादी केली. दार, धुराडं, भट्टी, भिंती, छत. लिहिली अर्थात इंग्रजीत, कारण तिला वाण्याची यादीही इंग्रजीत सुचते. जमीन तिने भिंतींतच धरली. मला ते आवडलं नाही, पण ठीक.

पहिल्या प्रयोगात धूर भट्टीतून निघाला आणि समोरच्या भिंतीपर्यंत सरळ आडवा गेला. जसा काही वर जायचा कंटाळा आलाय.

"मावशी... मी ग्रॅव्हिटी ऑन करायला विसरले."

"काय विसरलीस?"

"गुरुत्वाकर्षण."

"अगं, मी छत्तीस वर्षं ते शिकवलं, आणि माझ्याच घरात तू पृथ्वी बंद ठेवलीस?"

"डिफॉल्टला शून्य असतं गं!"

"कुणाच्या डिफॉल्टला? माझ्या घरात गॅस बंद केला का हे तीनदा बघतात, आणि तू..."

त्या दिवशी मी फुलस्केप वही काढली. चार रकाने आखले: तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, सही. मृदुला स्क्रीनवरून मोठ्याने वाचणार, मी लिहिणार, लाल पेनने खूण करणार, खाली दोघींच्या सह्या. ती म्हणाली, "मावशी, हे फारच झालं." झालं तर झालं. पुढे जे घडलं त्यात माझ्यापाशी धरायला ही वहीच आहे.

दुसरा प्रयोग. गुरुत्वाकर्षण चालू, खूण. गरम हवा हलकी होईल याची सोय, खूण. कडा पाच, खूण. सकाळी दहाला सुरू केलं, दुपारी तीनला संपलं. मृदुला ओरडली, "मावशी, ये! धूर गेला!"

खरंच गेला होता. भट्टीच्या तोंडातून निघून, जराही न रेंगाळता, नीट धुराड्यात. राशिद उभा राहतो तिथे हवा स्वच्छ. मी जवळजवळ टाळी वाजवली. मग विचारलं, "पण हे पुठ्ठ्यावरच्या मापांनी ना? आत्ता आहे तशी बेकरी? मग राशिद खोकतो कशाला?"

मृदुलाने बाण बघितले. हवा मागच्या भिंतीतून आत येत होती. बंद भिंतीतून. तिने यादी उघडली, तर नावं सहा. सहावं होतं havadan. हवादान. बाहेरच्या दाबाचं उघडं तोंड, रुंदी ०.४१ मीटर, उंची ०.१९, शिवाय जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती दूर तेही.

"हे कुठलं नाव टाकलंस?"

"मी नाही टाकलं. तू बसली होतीस का लॅपटॉपवर?"

"मला तो उघडता येत नाही हे तूच सगळ्यांना सांगत असतेस!"

मग अर्धा तास आमचं रीतसर भांडण झालं. ती म्हणाली, आधीच्या कुठल्या तरी फाईलमधून आलं असेल. मी म्हटलं, गाडीला हवादान असतं का? तिने ते नाव पुसलं, भिंत पुन्हा सलग केली, आणि तिसरा प्रयोग लावला. या वेळी पाचच नावं राहिली. धूर वर गेला, पत्र्याला टेकला, मागच्या भिंतीवरून खाली उतरला आणि जमिनीपासून पाच फुटांवर गोल गोल फिरत बसला. राशिदची उंची पाच फूट चार इंच. पुढचं दार काउंटर आणि खारीच्या कपाटांनी अडलेलं. खालून हवाच मिळत नाही, तर धुराडं वर ओढणार काय?

"म्हणजे धुराडं वाढवून बघू," मृदुला म्हणाली. दुसऱ्या सकाळी चौथा प्रयोग. धुराडं दहा फुटांनी उंच, कडा पाच, खूण, सह्या. तीन वाजता यादी उघडली. सहा नावं. हवादान. ०.४१, ०.१९.

मृदुलाचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मावशी, नुसतं नाव बदललं असतं तर मी म्हटलं असतं चुकून झालं. पण भोक पाडायला भिंतीची जाळी कापावी लागते, म्हणजे तिथली बारीक खोकी नव्याने आखावी लागतात. मला त्याला पाऊण तास लागतो."

मी भडकले. मला कुणीतरी माझ्याच घरात मूर्ख बनवतंय असं वाटत होतं, आणि कोण ते कळत नव्हतं. मी जाहीर केलं, "उद्या सगळं पहिल्यापासून. नवी फाईल. इंटरनेट बंद. आणि मी इथून उठणार नाही."

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. यादी छापून घेतली, पाच नावं, दोघींच्या सह्या. वायफायची वायर काढून माझ्या पर्समध्ये ठेवली. दहा ते तीन मी लॅपटॉपसमोर खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवलं. मृदुला स्वयंपाकघरात होती, आणि तिने केलेली आमटी किती खारट झाली होती हे मला खुर्चीतच ताट आणून दिल्यामुळे ठाऊक आहे. माझ्याशिवाय त्या यंत्राजवळ कुणी आलं नाही. मीही हात लावला नाही. तीन वाजता मृदुलाने यादी उघडली. मी तीसुद्धा छापून घेतली. सहा. तेच नाव, तीच मापं.

मला सर्वांत जास्त खटकत होती ती मापंच. मृदुला नेहमी गोल आकडे घेते. अर्धा मीटर, वीस सेंटीमीटर. एकेचाळीस आणि एकोणीस हा काय आकडा झाला?

तशीच पर्स, वही, छापलेली यादी आणि मेजरिंग टेप घेऊन निघाले. मृदुला मागून. चार वाजता बेकरीत भट्टी थंड असते. काउंटरच्या आत पहिल्यांदाच गेले. मागची भिंत दगडी, काळी कुळकुळीत, सलग. राशिद ट्रे पुसत होता.

"राशिद, या भिंतीला कधी खिडकी होती?"

"न्हाई बाई. अब्बांनी बांधली तवापासून अशीच हाय."

"मग हवादान कुठे होतं?"

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. "हा शब्द तुमाला कुनी सांगितला?"

"का?"

"अब्बांचा शब्द हाय ह्यो. दुसरं कुनी न्हाई म्हनत. आमी झरोका म्हनतो, न्हाईतर खिडकी."

मागच्या दारात त्याची आई, जुलेखाबी, येऊन उभी होती. पंच्याऐंशीच्या पुढच्या, वाकलेल्या, पण ऐकायला तीक्ष्ण. त्यांनी विचारलं, "काय म्हनल्या बाई?"

मी वहीतलं पान आणि छापलेली यादी दाखवली. त्यांना अक्षरं येत नाहीत. मी वाचून दाखवलं. हवादान.

त्या राशिदच्या खुर्चीत बसल्या. छापलेला कागद मांडीवर घेतला. राशिद म्हणाला, "अम्मी, पानी देऊ का?"

"पानी नगं. बस खाली. तुला म्हाईत न्हाई ते सांगते." मग माझ्याकडे वळल्या. "बाई, ह्या भिंतीत भोक न्हवतंच कधी. ह्याच्या अब्बांना पायजे हुतं. दर थंडीला मागायचे. म्हनायचे, जुलेखा, एक हवादान करू दे, जीव घुसमटतोय. अन् मी न्हाई म्हनायचे."

"का?" मृदुलाने विचारलं.

"मागं आमचं अंगन. आमी बाया तिथं न्हायचो, धुवायचो, केस वाळवायचो. आन आत सा-सात गडीमानसं. भोक पाडलं म्हंजी त्यांची नजर आमच्यावर. मी म्हनले, मी मेल्यावर पाडा." त्या थांबल्या. "लई हसायचे. एक डाव म्हनले, बरं, तुझ्या हाताएवढंच करू. रुंदीला तुझा हात, उंचीला तुझी वीत. त्यातनं कोन काय बघनार? माझा हात धरून भिंतीवर पिठानं खूनबी केली हुती. मी ओल्या फडक्यानं पुसून टाकली."

राशिद म्हणाला, "अब्बा छातीनंच गेले ना, अम्मी."

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हनूनच तुला कधी सांगितलं न्हाई."

मी काय करावं? मला सांत्वन करता येत नाही, मोजता येतं. मी म्हटलं, "जुलेखाबी, हात दाखवता का?" त्यांनी पुढे केला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावली. एकेचाळीस सेंटीमीटर. मग वीत. त्यांनी बोटं ताणली. एकोणीस.

मृदुला वळून भट्टीकडे बघत राहिली. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग मलाच राग आला आणि मी टेप पर्समध्ये कोंबली.

"कुठे केली होती खूण?" मी विचारलं.

जुलेखाबी उठल्या, राशिदने ट्रेची घोडी सरकवली, आणि त्यांनी भिंतीवर तळवा टेकला. पुन्हा टेप काढावी लागली. जमिनीपासूनची उंची, कोपऱ्यापासूनचं अंतर. सगळं माझ्या यादीत होतं. तेही जुळलं, एक-दोन सेंटीमीटरचा फरक सोडून.

"राशिद," त्या म्हणाल्या, "गवंड्याला बोलव. उद्याच."

"अम्मी, अंगनात तुमी..."

"आता मला कोन बघतंय रे मुडद्या? पाड म्हनते ना!"

गवंडी आला. मी समोर खुर्ची टाकून बसले होते. मला खात्री करायची होती की तिथे जुनं, बुजवलेलं तोंड नाही. म्हणजे निदान असं तरी म्हणता येईल की मृदुलाने कधीतरी एखाद्या फोटोत चौकट पाहिली आणि विसरली. गवंड्याने दगड काढत काढत सांगितलं, "बाई, ही भिंत कधीच उघडल्याली न्हाई. सांधे समदे मूळचेच हायेत. लई पक्कं काम." आणि मला उगाच त्याचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी पहाटेची भट्टी पेटल्यावर राशिदने मोबाईलवरून व्हिडिओ पाठवला. धूर उठला, वळला आणि धुराड्यात गेला. स्क्रीनवर गेला होता तसाच. व्हिडिओत राशिद काहीतरी बोलत होता, त्याचे शब्द कळले नाहीत. पण बोलताना खोकला नाही, एवढं मी नीट ऐकलं. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि भट्टी सोडायची गरज नाही म्हणाले. आता तो तिन्ही पायऱ्या चढून येतो आणि वर येऊन खारीचे तुकडे का पडले याची सबब सांगतो.

आता कारणं. नील म्हणतो ऑटोसेव्ह. ऑटोसेव्ह असलेलं जपून ठेवतं बाळा, नसलेलं आणत नाही. तुमचे बाबा म्हणतात, आई, तू तो शब्द कधीतरी राशिदच्या वडिलांकडून ऐकला असशील. ते शाळेत एकदाच आले होते, राशिदच्या गणिताच्या मार्कांसाठी. तेव्हा काय बोललो ते आठवत नाही, हे कबूल करते. ऐकला असेलही. पण मग जुलेखाबींच्या वितीचं माप मी कुठे ऐकलं? आणि ऐकलं तरी जाळी कुणी कापली? मृदुलाच्या कंपनीतल्या एका हुशार मुलाने हवादान उगवलेल्या दोन्ही फाईली तपासल्या आणि सांगितलं की हे कुणीतरी हाताने केलंय. धन्यवाद. एवढं मलाही माहीत होतं. कुणाच्या हाताने ते सांग.

माझ्या वहीत 'का ठरवलं' हा रकाना त्या ओळीपुढे कोरा आहे. मला कोरा रकाना सहन होत नाही. दोन-तीनदा पेन टेकवलं, आणि उचललं.

एक गोष्ट राहिली. मृदुलाने बेकरीची नवी फाईल केली, तिच्यात हवादान तिने स्वतः घातलं. जुनी, पाच नावांची फाईल तशीच ठेवली आहे. भिंत फुटल्यापासून तिच्यात सहावं नाव आलेलं नाही. आम्ही सहा वेळा चालवून पाहिली. धूर इमानदारीत राशिदच्या नाकासमोर फिरत बसतो.

पण दर गुरुवारी दुपारी जुलेखाबींचा फोन येतो. राशिद लावून देतो आणि बाजूला जातो. आधी त्या माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. मग आवाज खाली आणून विचारतात, "बाई, त्या मशिनीत त्यांनी आनखी काय लिवलंय का? माझ्यासाठी?"

मी त्यांना अनेकदा समजावलं की मशिनीत कुणी काही लिहीत नसतं. त्या "व्हय, व्हय" म्हणतात आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारतात. आता मी समजावत नाही. "थांबा, बघते," म्हणते. लॅपटॉप उघडायला मी मृदुलाकडून शिकले आहे. चष्मा लावते, यादी उघडते आणि मोजते. दार, धुराडं, भट्टी, भिंती, छत.

पाच. मी दर वेळी दोनदा मोजते.